मोकळी कंबर

बयनाबाईने मारुतीला भंडारा बोलला होता. गावची सरपंचकी या खेपेला बाईसाठी सुटली, तिने अर्ज भरला, आणि निवडून आले तर गावाला बुंदीचं जेवण घालीन असं देवापुढे हात जोडून म्हणाली. निवडून आली. म्हणून तो शनिवार. आदिलाबादजवळच्या तामसीच्या पुढे असलेल्या त्या गावात देवळासमोर पहाटेपासून चुली पेटल्या होत्या. ऊन डोक्यावर यायच्या आत पहिली पंगत बसली.

तिला दोन मुलगे, थोरला दौलत आणि धाकटा वैभव. नवरा जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, तेव्हापासून घरातला बाप दौलतच. वैभव शनिवार धरायचा. गाव जेवून उठेपर्यंत तो तोंडात काही घालणार नव्हता. दौलतने त्याला दंडाला धरून पंगतीत बसवलं. प्रसादाने उपास मोडत नाही म्हणाला. दोनदा बुंदी वाढली, तिसऱ्यांदा वैभवने पत्रावळीवर हात आडवा धरला तर बोटांमधून वाढली, आणि रिकामं घमेलं घेऊन चुलींकडे वळला.

तेवढ्यात पहिला गोळा पडला.

रानडुकरं मारायला कणकेत बारूद भरून ठेवतात, तसले ते गोळे. एक देवळाच्या पायरीवर फुटला, दुसरा बायकांच्या पंगतीत. धुरातून भगवंतरावाची माणसं आली, कुऱ्हाडी आणि बरच्या घेऊन. निवडणुकीत हरली ती रुक्माबाई, भगवंतरावाची बायको, आणि त्या घराने याआधी हरणं पाहिलं नव्हतं. मांडी घालून बसलेला माणूस पटकन उठू शकत नाही. उष्ट्या हाताचा तर नाहीच. तो आधी हाताकडे बघतो. मारेकरी दोन पंगतींच्या मधून, वाढपी चालतात तसे चालत गेले आणि डावीउजवीकडे घाव घालत गेले. कुणाच्या खांद्यात कुऱ्हाड रुतून राहिली, ती सोडवायला मारणाऱ्याने त्याच्याच छातीवर पाय दिला. एका बाईचा जबडा गोळ्याने नेला होता आणि ती हाताने चाचपून तो शोधत होती. वैभव अर्धा उठला होता. उजव्या बरगडीखाली बरची शिरली. मारणाऱ्याने ती आत फिरवली आणि मग ओढली.

दौलतने हे घमेलं हातात धरून पाहिलं. तो पोचेपर्यंत ती माणसं जीपमध्ये बसली होती.

आदिलाबादच्या बाहेर, नागपूर रस्त्यावर एका ट्रस्टचा दवाखाना आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत माणसं एकावर एक घालून गावाने तिथेच आणली, कारण रस्त्यात तो पहिला लागतो. त्या दिवशी तिथे डॉक्टर प्रतिभा होती. याच शहरातली, वडील धम्मदीप गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. पोटाच्या शस्त्रक्रिया तीच करायची. आवाज चढवून बोलताना तिला कुणी ऐकलं नव्हतं. तिने ट्रॉलीतच चढून एकेकाची नाडी पाहिली, डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पोटावर हात ठेवला. तळाचे दोघे आधीच गेले होते. त्यांच्यावरची माणसं उचलताना त्यांच्या अंगावरून रक्त नाही, वरण निथळत होतं; पंगतीतलं सांडलेलं.

सगळ्यात भयंकर दिसत होता नागोराव. म्हातारा माणूस, कुऱ्हाडीने पोट आडवं उघडलेलं, आतडी बाहेर आलेली, आणि त्याने ती उपरण्यात बांधून दोन्ही हातांनी मांडीवर धरलेली. त्याचे भाचे डॉक्टरणीच्या अंगावर धावून आले, याला आधी घ्या म्हणून. प्रतिभाने ओल्या कापडात आतडी गुंडाळली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बोट केलं ते शेजारी निपचित पडलेल्या वैभवकडे. त्याच्या बरगडीखाली जेमतेम दोन बोटं रुंदीची फट होती, रक्तही फारसं दिसत नव्हतं. पण ओठ राखेसारखे झाले होते आणि पोट ढोलासारखं फुगत चाललं होतं.

"बाई," नागोराव म्हणाला, "माही आतडी बाहेर हायेत, अन् तुमी त्याले आत नेऊन राह्यल्या?"

"तुमचं रक्त बाहेर दिसतंय काका, म्हणून थांबवता आलं. त्याचं आत चाललंय."

"जा मंग," म्हातारा म्हणाला. "मी धरून बसतो. पळत नाईत ते कुठी."

दारापर्यंत बयनाबाई स्ट्रेचरला धरून चालली. तिने प्रतिभाचा हात धरला नाही, पाय धरले नाहीत. फक्त विचारलं, वाचल का. प्रतिभा म्हणाली, बघते. मग बयनाबाईने मागे वळून दौलतकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, अंगावर भावाचं रक्त, नजर जमिनीत. तिने प्रतिभाला हळूच सांगितलं, "बाई, हा गेला तर तो बी गेला म्हून समजा. तो मारल्याबगर राहनार नाई."

टेबलावर वैभवला घेतलं तेव्हा त्याच्या कमरेला करदोडा होता. काळा, जाड, मध्ये चांदीच्या कड्या ओवलेला. फुगलेल्या पोटात तो रुतून बसला होता. पोट छातीच्या हाडापासून बेंबीच्या खालपर्यंत उघडायचं असतं. "काढा तो," प्रतिभा हात धुता धुता म्हणाली. पंचफुला, तिथली जुनी आया, कात्री घेऊन पुढे झाली. कात्री आत घालायची म्हणजे कातडी चिमटायला लागत होती. कट्ट आवाज झाला, तेव्हा ती क्षणभर थांबली, आणि मग तो तुकडा तिने स्टीलच्या ट्रेमध्ये टाकला.

त्या भागातल्या शेतकरी घरांमध्ये पुरुषाची कंबर मोकळी ठेवत नाहीत. करदोडा झिजला तर आधी नवा बांधतात आणि मग जुना तोडतात. नवा न बांधता जुना तोडतात तो एकदाच, माणसाला चितेवर ठेवायच्या आधी. प्रतिभाच्या घरी ही चाल आजोबांच्या वेळीच सुटली होती. लहानपणी शेजारच्या पोरांच्या कमरेला तिने तो हजारदा पाहिला असेल, पण तिच्यासाठी तो एक दोरा होता, आणि त्या घडीला वाटेत आलेला दोरा.

तिने पोट उघडलं आणि रक्त टेबलावरून खाली तिच्या चपलांवर आलं. ओंजळीने काढावं लागलं. त्यातून भात आला, वांग्याची सालं आली, आणि बुंदी, पिवळी, अख्खी, फुगलेली. मदतीला उभी असलेली सिस्टर मयूरी ते बादलीत टाकत गेली. प्रतिभाने मनगटापर्यंत हात आत घालून काळीज, म्हणजे यकृत, चाचपलं. ते मधोमध फाटलं होतं. फटीत चार बोटं जात होती आणि बोटांच्या मधून रक्त उकळल्यासारखं वर येत होतं. काळजाकडे जाणाऱ्या शिरा तिने दोन बोटांत दाबून धरल्या, मयूरीकडून मोठी कापडं घेतली आणि वरून, खालून, बाजूने कोंबत गेली, फाटलेले दोन भाग एकमेकांवर घट्ट बसेपर्यंत. मग आतडं. ते तीन ठिकाणी फाटलं होतं, जेवलेलं तिथूनच बाहेर आलेलं.

भूल देणारे डॉक्टर पोशेट्टी निर्मल गावाकडचे, तेलुगू माणूस. ते डोक्याकडून म्हणाले, "मॅडम, ठंडा पडून राहिला. रक्त जमत नाही आता."

सुईने पाडलेल्या छिद्रांतूनसुद्धा रक्त पाझरायला लागलं होतं. अशा वेळी घड्याळाकडे न बघता नीट शिवत बसलं तर माणूस टाक्यांसकट मरतो. "आज जोडायचं नाही," प्रतिभा म्हणाली. फाटलेल्या आतड्याची टोकं तिने नुसती फितीने बांधून टाकली, घाण धुऊन काढली, काळजावरची कापडं तशीच ठेवली, आणि पोट न शिवता वर सलाइनच्या पिशवीचं उघडलेलं प्लास्टिक ताणून कडेला टाचून घेतलं. रक्त आणि ऊब द्यायची, आणि अंगात जीव आला की दोन दिवसांनी पुन्हा उघडून बाकीचं करायचं. वैभवला मागच्या दाराने अतिदक्षतेच्या काचेच्या खोलीत नेलं. टेबल पुसून होतंय तोवर नागोरावाला आत घेतलं.

बाहेर काय झालं ते असं. मारामारीतल्या माणसाचे कपडे पोलीस घेऊन जातात. सोनंचांदी मात्र दवाखाना स्वतःकडे ठेवत नाही. नंतर चोरीचा आळ येतो, म्हणून ताबडतोब घरच्यांच्या हातात द्यायची पद्धत. करदोड्याला चांदीच्या कड्या होत्या. पंचफुलाने ट्रे घेऊन दार उघडलं, वैभवचं कोण हाये म्हणून विचारलं. दौलत पुढे झाला. तिने तो तुटका करदोडा त्याच्या हातावर ठेवला. तेवढ्यात आतून स्ट्रेचरसाठी हाक आली आणि ती वळली. एक शब्द बोलली नाही. बोलायला वेळच नव्हता.

दौलतने हातातल्या वस्तूकडे पाहिलं. बापाच्या कमरेचा करदोडा त्याने स्वतः तोडला होता, स्मशानात, दगडावर ठेवून विळ्याने. वैभवच्या कमरेला तेव्हापासून दर पोळ्याला नवा करदोडा तोच बांधत आला होता. त्याने कुणाला काही विचारलं नाही. विचारायचं काय? तुटलेला करदोडा आणि गप्प बाई, यानंतर विचारायला काही उरत नाही. करदोडा त्याने खिशात ठेवला. पलीकडे बयनाबाई डोळे मिटून मारुतीचं नाव घेत बसली होती. तिला तो म्हणाला, "माय, मी चहा घेऊन येतो."

फाटकाबाहेर नारळपाणीवाल्याची गाडी होती. दौलतने त्याचा कोयता उचलला. तो माणूस हिंदीत ओरडला तोवर दौलत रिक्षात बसला होता.

भगवंतरावाचा मुलगा राजकुमार याचं आदिलाबादच्या बाजारात बियाण्याचं दुकान होतं. बापाच्या राजकारणात तो कधी नव्हता. मतदानालासुद्धा गावात उशिरा आला होता आणि निकालानंतर बयनाबाईला वाकून नमस्कार करून गेला होता. दौलत आणि तो शाळेत एका बाकावर बसायचे. गावात काय घडलं ते त्याला नुकतंच फोनवर कळलं होतं आणि दवाखान्याकडे निघण्यासाठी तो दुकान बंद करत होता. दोन्ही हात वर करून शटर ओढत होता, तेव्हा दौलत मागून आला. राजकुमारने वळून पाहिलं आणि म्हणाला, "दौलत, वैभव कसा हाये?"

दौलतने कोयता त्याच्या पोटात घातला. नारळ सोलायच्या कोयत्याला टोक नसतं, तो शिरत नाही, फाडतो. म्हणून त्याने पुन्हा घातला. राजकुमारने शटर सोडलं नव्हतं; त्याला धरूनच तो खाली बसत गेला आणि त्याच्याबरोबर शटर खाली आलं. तिसरा घाव त्याच्या अंगावर आणि शटरवर मिळून बसला, पात्याची धार उलटून दौलतचाच पंजा चिरला गेला. मग बाजारातल्या हमालांनी त्याला पालथं पाडलं. त्याने सुटायचा प्रयत्नही केला नाही.

दोघे एकाच दवाखान्यात आले, कारण सगळ्यात जवळचा तोच. राजकुमार रिक्षाच्या सीटवर आडवा, दौलत पोलिसांच्या जीपमध्ये, हाताला फडकं गुंडाळलेला. बयनाबाई दारातच उभी होती. दौलत जीपमधून उतरला, तिच्यासमोर आला, आणि शांतपणे म्हणाला, "माय, वैभवचं फेडलं मी. भगवंतरावचा पोट्टा पाडला."

"वैभवचं काय फेडलं?"

"गेला ना तो."

"कोन गेला?" बयनाबाई म्हणाली. "आत्ता काचेतून पाहून आली मी त्याले. जिता हाये. दौलत, जिता हाये तो."

दौलतने खिशातून करदोडा काढला. तिच्यापुढे हात केला. बयनाबाईने तो पाहिला आणि तिला सगळं समजलं. दारात ट्रे घेऊन उभ्या असलेल्या पंचफुलालाही समजलं. ती खाली बसली. "मी काईच बोलली नाई त्याले," ती प्रतिभाला म्हणाली, जी राजकुमारला आत घ्यायला बाहेर आली होती. "बाई, मी काईच बोलली नाई."

प्रतिभाने करदोडा हातात घेतला. कापलेली बाजू स्वच्छ होती, कात्रीची. राजकुमारचं स्ट्रेचर आत जाईपर्यंत, हवालदाराला विनंती करून तिने दौलतला काचेपर्यंत नेलं. आत वैभव झोपलेला, तोंडात नळी, छाती वर खाली होणारी. पोटावरच्या पारदर्शक प्लास्टिकखाली आतडी संथ हलत होती. दौलत काचेला कपाळ लावून बघत राहिला.

"त्याले नको म्हनत होता तरी वाढलं मी," तो म्हणाला. मग काचेवरून कपाळ उचलून, "राजकुमार कसा हाये?"

प्रतिभा तोवर धावत आत गेली होती.

टेबलावर राजकुमारच्या कमरेलाही काळा करदोडा होता. पंचफुला कात्री घेऊन उभी राहिली आणि तिचा हात पुढे जाईना. प्रतिभाने एक क्षण तिच्याकडे पाहिलं. मग मयूरीला टाके घालायचा काळा रेशमी दोरा मागितला, लांब. पंचफुलाने तो त्याच्या मांड्यांच्या वर, कापायच्या जागेच्या खाली, कमरेभोवती बांधला, गाठ मारली, आणि मग जुना करदोडा तोडला. पोशेट्टी म्हणाले की त्यांच्या तेलुगूत याला मोलताडू म्हणतात, चालही अशीच, मघाशी लक्षातच आलं नाही.

पोट उघडायला फारसं काही उरलं नव्हतं. आतडी, मूत्रपिंड, आणि त्यांच्या मागे मणक्याला लागून जाणारी मोठी शीर, तिच्यात करंगळी जाईल एवढी चीर. प्रतिभाने मूठ आवळून मणक्यावर दाबली. दाब असेपर्यंत रक्त थांबायचं. शिवायला मूठ जरा हलवली की हात कोपरापर्यंत बुडायचा. दारातून बयनाबाईचा आवाज येत होता. ती आता देवाचं नाव घेत नव्हती, शिपायाला सांगत होती, तुमच्या बाईले सांगा, भगवंतरावचा पोट्टा वाचवा, माहा दौलत त्याच्याच जिवावर हाये. प्रतिभाने ते ऐकलं. तिने कापडं कोंबली, पुन्हा मूठ दाबली. पिशवीमागून पिशवी रक्त चढत होतं आणि खाली बादलीत जमत होतं. पोशेट्टींनी छाती दाबायला घेतली. दाबाबरोबर शीर आणखी फाटत गेली. मग त्यांनी हात काढले. प्रतिभा मूठ तशीच ठेवून उभी राहिली. मयूरीने तिच्या दंडाला हात लावला तेव्हा तिने ती सोडली.

बाहेर तोवर रुक्माबाई आली होती, अनवाणी, एकटीच. नवरा फरार होता. दोन्ही बाया एकाच बाकावर बसल्या होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून. प्रतिभाने रुक्माबाईला सांगितलं. ती उठली. मुलाला बघायला आत गेली, चादर बाजूला केली आणि कमरेचा रेशमी दोरा पाहून बोट लावलं.

"हे कोनं बांधलं?"

"आम्ही," प्रतिभा म्हणाली.

"मले कात्री द्या मंग," रुक्माबाई म्हणाली, आणि दोरा तिने आपल्या हाताने तोडला.

बयनाबाईला वेगळं कुणी काही सांगितलं नाही; बाकावरून तिने ऐकलंच होतं. दौलतला जीपमध्ये बसवताना तिने पाहिलं की हवालदाराने करदोडा पुरावा म्हणून एका पाकिटात घातला आणि वर लाख लावली.

सोमवारी सकाळी वैभवला पुन्हा टेबलावर घेतलं. कापडं एकेक करून भिजवत, सोडवत काढली. काळीज कोरडं होतं. बांधून ठेवलेली आतड्याची टोकं प्रतिभाने जोडली, पोट धुतलं आणि या वेळी शिवलं. नागोरावही शेजारच्या वॉर्डात आता पातळ पेज मागत होता, आणि मिळत नाही म्हणून नर्सना शिव्या देत होता.

तोंडातली नळी निघाली तेव्हा वैभवचा आवाज खरखरीत येत होता. आईकडे बघून त्याने पहिल्यांदा पाणी मागितलं. मग त्याचा हात हळूहळू पांघरुणाखाली गेला, पट्ट्यांच्या कडेने कमरेवर फिरला, इकडून तिकडे, आणि थांबला.

"माय," तो म्हणाला, "करदोडा कुठी हाये माहा?"

बयनाबाईने बाजारातून आणलेला नवा काळा करदोडा पदराच्या गाठीत होता. तिने तो काढला नाही. "जखम भरू दे," ती म्हणाली. "मंग बांधू."

"दादाले बोलाव. तो बांधल."

प्रतिभा पायथ्याशी उभी होती. तिने पट्टी सोडायला घेतली, आणि बयनाबाईने पदराची गाठ मुठीत घट्ट धरली.